पनामाच्या पाटाने

स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका पुस्तकात मी पनामा कालव्यावरच्या गटून लॉकचा, म्हणजे जहाजे वर-खाली नेणाऱ्या हौदाचा, आडवा छेद पाहिला होता. भिंतीच्या पोटातून गेलेली मोठी मोरी, तिला फुटलेल्या लहान मोऱ्या, तळाला ठेवलेली भोके आणि त्यावर तरंगणारे जहाज, असे ते चित्र होते. पुढे पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे गेली, गिरणा धरणाची आवर्तने, म्हणजे ठरावीक काळाने कालव्यात पाणी सोडणे, आणि हतनूर धरणाचे दरवाजे यांतच आयुष्य गेले, पण ते चित्र काही डोक्यातून गेले नाही. निवृत्तीनंतर रावेर तालुक्यातील केळीची बाग सांभाळत असताना टेक्सासमधील मुलाने गेल्या वर्षी फोनवर विचारले, “नाना, तुम्हाला अमेरिकेत काय पाहायचे आहे?” मी म्हणालो, अमेरिका राहू दे, मला पनामाचा पाट पाहायचा आहे. खान्देशात कालव्याला आम्ही पाटच म्हणतो.

सौभाग्यवतीचे माहेर साक्री तालुक्यातील पांझराकाठचे. फड पद्धतीने बंधाऱ्याचे पाणी वाटून घेणाऱ्या गावात ती वाढली. पाटकऱ्याने पाणी सोडले की रात्री-अपरात्री बाऱ्यावर जाणारे वडील तिने पाहिले आहेत. त्याच तालुक्यात, दातर्तीला, तरुण विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सायफन बांधून पाणी पलीकडे नेले होते. त्यामुळे पाण्याची गोष्ट आमच्या घरात दोन्ही बाजूंनी आलेली आहे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघे आणि मुलगा असे तिघे निघालो. एकूण प्रवास सोळा दिवसांचा, फ्लोरिडापासून कॅलिफोर्नियापर्यंतचा होता. त्यातील पहिल्या सहा दिवसांविषयीच मी लिहितो आहे, कारण माझ्या मनातला प्रवास तेवढाच होता.

तयारीविषयी

तिकिटे आणि आरक्षण मुलाने केले, त्यात सांगण्यासारखे काही नाही. एक गोष्ट मात्र आमच्या अंगाशी येता येता राहिली. आमचे कागदपत्रांचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांनी पीतज्वराच्या लसीविषयी एक शब्दही काढला नव्हता. निघण्याच्या तीन आठवडे आधी एका डॉक्टर मित्राने सहज विचारले, तेव्हा आमची धावपळ झाली. कोलंबिया आणि पनामा हे दोन्ही देश भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. तिकडून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाजवळ लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. साठी ओलांडलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय ती घेऊ नये. आम्ही मुंबईला जाऊन ती घेतली. या लशीचा आणि कालव्याचा संबंध किती जवळचा आहे, हे मला पुढे जहाजावर नीट कळले.

पहिला ते तिसरा दिवस

फोर्ट लॉडरडेलच्या बंदरातून संध्याकाळी जहाज सुटले. पुढचे दोन दिवस चारी बाजूंना समुद्रच होता. दुसऱ्या दिवशी उन्हे उतरताना क्यूबाचा पूर्वेकडचा डोंगराळ किनारा दूरवर निळसर दिसला, तेवढीच जमीन.

घरचे खाद्यपदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातले चालतात, म्हणून आम्ही केळीचे वेफर्स आणि शेंगदाण्याची चटणी पाकीटबंद घेतली होती. शाकाहारी लोकांनी पहिल्याच संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला भेटून सांगावे, दुसऱ्या दिवसापासून वेगळा विचार होतो. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा मडगावचा निघाला. त्याच्या कोकणीत आणि आमच्या खान्देशी मराठीत पहिल्याच जेवणाला सूत जमले. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्यापुढे वरण-भात आणून ठेवला, तेव्हा सौभाग्यवतीने त्याला दोन वेफर्सची पाकिटे दिली.

मी त्याला विचारले, “तू हा कालवा किती वेळा पाहिलास?” तो म्हणाला, “काका, अकरा वेळा त्यातून गेलो, पण पाहिला एकदाही नाही. त्या दिवशी दुपारचे जेवण लांबते, आम्हाला वर जाता येत नाही. मला कालवा म्हणजे या काचेतून दिसणारी ओली भिंत.” हे वाक्य मनात राहिले. पाचव्या दिवशी दुपारी काही वेळ खाली येऊन त्याच्या काचेतून कालवा पाहायचा, असे मी तेव्हाच ठरवले.

तिसऱ्या दिवशी जहाजावरच्या सभागृहात कालव्याच्या इतिहासावर व्याख्यान झाले. सुएझ कालव्याचा कर्ता फर्डिनंड द लेसेप्स याने १८८१ साली फ्रेंच कंपनीच्या वतीने येथे काम सुरू केले. सुएझप्रमाणेच समुद्रसपाटीला खणत जायचे, असा त्याचा हट्ट होता. सुएझला कोरडी वाळू होती, येथे डोंगर, चिखल आणि धो धो पाऊस होता. १८८९ मध्ये कंपनी बुडाली, तोवर सुमारे २२ हजार माणसे मेली होती, त्यांतली बहुतेक पीतज्वराने आणि हिवतापाने. माणसे मरतात ती डासांमुळे, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. हिवताप डासांतून पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली आपल्या सिकंदराबादला मिळाला. अमेरिकेने १९०४ मध्ये काम हाती घेतले, तेव्हा विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टरने आधी डासांशी लढाई केली. डबकी बुजवली, तेल टाकले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. पीतज्वर हटला आणि मगच कालवा पुढे सरकला. अमेरिकेच्या दहा वर्षांतही साडेपाच हजारांवर माणसे गेली. दंडावरच्या लशीची खूण मी त्या अंधाऱ्या सभागृहात नकळत चाचपून पाहिली.

चौथा दिवस: कार्ताहेना

कोलंबियाच्या या बंदरात जहाज सकाळी लागले. तटबंदीच्या आतले जुने शहर, लाकडी सज्जांवरून लोंबणाऱ्या बोगनवेली आणि सान फेलिपे किल्ला यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी केळ्यांविषयी लिहितो.

चौकात रंगीत घेरदार झगे घातलेल्या, डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया उभ्या असतात. त्यांना पालेंकेरा म्हणतात. गुलामगिरीतून पळालेल्या लोकांनी वसवलेल्या सान बासिलियो दे पालेंके या गावावरून हे नाव पडले. पूर्वी या बायका फळे विकायला शहरात येत, आता त्या बहुतांशी फोटोचे पैसे घेतात. सौभाग्यवतीने मात्र त्यातल्या एका वयस्क बाईंकडून केळीच विकत घेतली. केळी हातात घेऊन तिने देठाचा चीक, सालीवरच्या कडा आणि टोक ज्या पद्धतीने तपासले, ते पाहून त्या बाईंनी ओळखले असावे की समोरची गिऱ्हाईक नुसती पाहुणी नाही. त्यांनी वरची फणी बाजूला केली आणि खालची काढून दिली. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता.

दुपारी एका साध्या खाणावळीत पाताकोन खाल्ले. भाजीच्या हिरव्या केळ्याचे जाड तुकडे एकदा तळायचे, दाबून चपटे करायचे आणि पुन्हा तळायचे, वर मीठ. आपल्या वेफर्सपेक्षा हे पोटभरीचे लागते. शाकाहारी माणसाने कोलंबिया आणि पनामात हे नाव लक्षात ठेवावे, कुठेही उपाशी राहण्याची वेळ येणार नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या बागायतदारांसाठी एक सूचना मी येथे मुद्दाम करतो. आपण ज्याला पनामा म्हणतो तो मर रोग याच भागाच्या नावाने ओळखला जातो. मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल या केळीच्या जातीच्या बागा त्याने विसाव्या शतकात उद्ध्वस्त केल्या, आणि त्यामुळेच जगाला कॅव्हेंडिश गटाकडे वळावे लागले. आपले ग्रँड नैन त्याच गटातले आहे. आता कॅव्हेंडिशलाही मारणारा टीआर-४ हा प्रकार आला आहे, तो कोलंबियात २०१९ साली सापडला. त्याची बुरशी मातीतून जाते, बुटाच्या तळव्याला चिकटलेली चिमूटभर मातीही पुरते. म्हणून बागा पाहण्याची फार इच्छा असूनही मी एकाही बागेत पाय ठेवला नाही, आणि त्या प्रवासात वापरलेले बूट मी परत आणले नाहीत. आपल्याकडे तिकडच्या बागा पाहण्याच्या सहली निघतात, त्यांनी हे फार गांभीर्याने घ्यावे. एका जोडी बुटांची किंमत ती काय!

पाचवा दिवस: कालवा

पहाटे साडेचारला मी आणि मुलगा पुढच्या डेकवर जाऊन उभे राहिलो. अंधारात पंचवीस-तीस जहाजांचे दिवे पाण्यावर पसरलेले होते, सगळी आपापल्या पाळीची वाट पाहत होती. आवर्तनाच्या पहिल्या रात्री चारीवर ठिकठिकाणी दिसणाऱ्या कंदिलांची मला आठवण झाली. एका लहान होडीतून कालव्याचा पायलट चढला. इतर बंदरांत पायलट कप्तानाला सल्ला देतो, पण येथे जहाजाचा पूर्ण ताबाच त्याच्याकडे जातो.

नकाशा न पाहता कोणालाही वाटेल की अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जायचे म्हणजे पश्चिमेला जायचे. प्रत्यक्षात पनामाची भूमी अशी आडवी वळली आहे की कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो, आणि पॅसिफिककडचे तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला येते. पुढे जाताना सूर्य आमच्या डाव्या हाताला उगवला.

गटूनच्या लॉकजवळ पोहोचलो तेव्हा सात वाजले होते. शालेय पुस्तकात लॉकला जलपाश हा शब्द आहे. दोन दरवाजांमधला काँक्रीटचा हौद, एवढाच त्याचा अर्थ. गटूनला असे तीन हौद एकापुढे एक आहेत आणि जहाज त्यांतून २६ मीटर वर चढते. हौदाची लांबी ३०५ मीटर, रुंदी ३३.५ मीटर. आमचे जहाज ३२ मीटरहून थोडे अधिक रुंद होते, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा उरत होती.

एवढ्या अवाढव्य व्यवस्थेची सुरुवात एका वल्ह्याच्या होडीने होते, हे मला सर्वांत अनपेक्षित होते. दोन माणसे लहानशा होडीतून वल्हवत जहाजाच्या नाकाखाली आली, वरून टाकलेली दोरी त्यांनी पकडली आणि भिंतीवरच्या तारेला नेऊन बांधली. इतर उपाय करून पाहिले, पण होडीइतके खात्रीचे काही सापडले नाही, असे निवेदकाने सांगितले. मग भिंतीवरच्या रुळांवर उभी असलेली विजेची इंजिने त्या तारांनी जहाजाला दोन्ही बाजूंनी धरतात. त्यांना मुला, म्हणजे खेचरे, म्हणतात. जहाज स्वतःच्या बळावरच पुढे जाते, खेचरे त्याला मधोमध ठेवतात आणि थांबवतात.

मागचा दरवाजा बंद झाला. हतनूरला आमचे ४१ दरवाजे वक्र आकाराचे आहेत, ते वर उचलले जातात. हे दरवाजे घराच्या दुपाखी दारासारखे आहेत. दोन मीटरहून जाड, आतून पोकळ अशी दोन पोलादी पाने मधोमध मिळतात, पण सरळ रेषेत नव्हे, तर चढत्या पाण्याच्या बाजूला टोक काढून. वरचे पाणी जितके दाबेल तितकी ती पाने एकमेकांवर घट्ट बसतात. पोकळ असल्यामुळे ती पाण्यात थोडी तरंगतात आणि बिजागऱ्यांवर सगळा भार येत नाही. सौभाग्यवती इतका वेळ गप्प होती. पाने मिटताना तिने माझा हात दाबला आणि माहेरच्या अहिराणीत म्हणाली, “हाई ते आपला पाटना दरवाजाज शे!” मला त्याहून चांगले वर्णन आजही सुचत नाही.

आणि मग पाणी आले. पंपाचा आवाज नाही, यंत्राची घरघर नाही. येथे पंप नाहीतच. वरच्या पातळीचे पाणी भिंतीच्या पोटातल्या साडेपाच मीटर व्यासाच्या मोऱ्यांतून केवळ उताराने येते आणि तळाच्या भोकांतून हौदात फुटते. पाण्यावर आधी तवंगासारखी वर्तुळे दिसली, मग जागोजागी भात उकळावा तसे पाणी उमळू लागले. सात-आठ मजल्यांचे ते जहाज हादराही न देता वर निघाले. दहाएक मिनिटांत आम्ही भिंतीच्या वर आलो होतो. पुस्तकातली ती मोरी मला दिसत नव्हती, पण ती नेमकी कुठे आहे, हे मला ठाऊक होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ कागदावर असलेली गोष्ट पायाखाली काम करताना पाहून डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

हे पाणी समुद्राचे नव्हे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. पनामाचा कालवा दोन समुद्र जोडतो, पण त्याच्यात समुद्र नाही. चाग्रेस नदीवर गटूनला धरण बांधून जो तलाव झाला, त्याच्या गोड्या पाण्यावर जहाजे डोंगर चढतात आणि उतरतात. एका जहाजाला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेताना सुमारे २० कोटी लीटर गोडे पाणी समुद्रात जाते. मी तेथेच वहीत हिशेब मांडला. ठिबकवरच्या केळीला एकरी १,८०० झाडे आणि झाडामागे दिवसाला सरासरी १५ लीटर धरले, तर एका एकराला वर्षाला साधारण एक कोटी लीटर लागते. म्हणजे एक जहाज वीस एकर केळीचे वर्षाचे पाणी घेऊन जाते. दिवसाला ३६ जहाजे या जुन्या मार्गाने गेली असे धरले, तर तो अखंड २,९०० क्युसेकचा विसर्ग होतो.

नऊ वाजता तलावात शिरलो आणि पाऊस सुरू झाला. आपल्याकडे नोव्हेंबरात भरिताची वांगी भाजण्याचे दिवस असतात, पाऊस आला तर कापसाचे नुकसान. येथे तो ऐन भरातला महिना आहे. काठाची झाडी, बेटे, पुढचे जहाज सारे पांढऱ्या पडद्याआड गेले. लोक आत पळाले, आम्ही छत्री घेऊन बाहेरच उभे राहिलो. प्रत्येक सर कालव्याच्या खात्यात जमा होत होती. पावसाचा एवढा निर्भेळ आनंद मला गिरणा भरल्याचा निरोप येई तेव्हाच होत असे.

तलावातली बेटे म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे आहेत. त्यातले बारो कोलोरादो हे बेट संशोधनासाठी राखलेले आहे. पाण्याखाली जुना रेल्वेमार्ग आहे, चाग्रेसकाठच्या वस्त्या आहेत, आणि काही ठिकाणी शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्याबाहेर दिसतात. सौभाग्यवतीने विचारले, “येथली माणसे कुठे गेली असतील?” उकाई धरणाच्या वेळी नवापूरकडून उठलेली गावे तिच्या लहानपणीच्या आठवणीत आहेत.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२३ साली येथे पावसाने दगा दिला. त्या वर्षीचा ऑक्टोबर महिना १९५० पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ठरला आणि रोजची ३६ जहाजे कमी करत २२-२४ पर्यंत आणावी लागली. हेच पाणी पनामा सिटी आणि कोलोन या शहरांना प्यायलाही जाते. म्हणून आता शेजारच्या रिओ इंदियो नदीवर आणखी एक धरण बांधायचे ठरले आहे, आणि त्या खोऱ्यातले शेतकरी गावे सोडायला तयार नाहीत. त्या टंचाईत एका जहाज कंपनीने रांग ओलांडून आधी जाण्यासाठी लिलावात जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले. मी शेजपाळी, म्हणजे शेतकऱ्यांना ठरल्या क्रमाने पाणी देण्याची पद्धत, राबवलेला माणूस आहे. सात नंबरचा, म्हणजे पाणी मागणीचा, अर्ज घेऊन आलेल्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला, तुझी पाळी दुसऱ्याने विकत घेतली, असे सांगण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. जहाजांचा व्यवहार वेगळा आहे हे मला समजते, तरी पाण्याची पाळी बोलीवर जावी, हे मनाला पटत नाही.

दुपारी कुलेब्राचा डोंगर लागला. सुमारे साडेतेरा किलोमीटरचा हा काप म्हणजे कालव्याचा खरा घाम आहे. खणलेले पुन्हा ढासळायचे, पुन्हा खणायचे. उतारांवर कापलेल्या पायऱ्या आजही दिसतात.

पेद्रो मिगेलचे लॉक आले तेव्हा मी जेवणघरात खाली गेलो. मडगावच्या मुलाने खिडकीशेजारची खुर्ची ओढून दिली. काचेपासून हातभर अंतरावर भिंत होती. काँक्रीटवर हिरवट-काळा शेवाळाचा थर, त्यात तारांनी आणि जहाजांनी घासून पडलेले आडवे चरे, आणि एका भेगेत उगवलेले चार पानांचे नेचे. त्या नेच्यावर नजर ठेवून आम्ही बसलो. पाणी उतरू लागले तसे ते आमच्या कपाळाच्या उंचीवर आले, मग काचेच्या वरच्या चौकटीला टेकले आणि दिसेनासे झाले. खाली नवी ओली भिंत उघडी पडत गेली, तिच्यावरून पाण्याच्या बारीक धारा ओघळत होत्या. मी त्याला मोरी कुठे असते, पाणी कुठून जाते, हे कागदी रुमालावर काढून दाखवले. त्याने तो रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

मिराफ्लोरेसला आणखी दोन पायऱ्या उतरलो. येथले खालचे दरवाजे सर्वांत उंच आहेत, कारण पॅसिफिकच्या बाजूला भरती-ओहोटीत सहा मीटरपर्यंत फरक पडतो, तर अटलांटिककडे तो एक मीटरही नसतो. शेवटचा दरवाजा उघडला तेव्हा पलीकडे पेलिकन पक्षी वाट पाहत बसलेले होते.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. खोलीचा सज्जा महाग पडतो, आणि लॉकमध्ये त्यातून एकाच बाजूची भिंत दिसते. त्यापेक्षा पहाटे पुढच्या डेकवर जागा धरावी. टोपी आणि छत्री दोन्ही हवीत, कारण ऊन आणि सर यांच्यात दहा मिनिटांचेही अंतर नसते. जहाज पूर्ण कालवा पार करणारे आहे की गटून तलावातूनच परत फिरणारे आहे, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे, दोन्ही प्रकारच्या सहली असतात. फार मोठी जहाजे २०१६ मध्ये सुरू झालेल्या नव्या, रुंद लॉकमधून जातात. तेथे बाजूच्या टाक्यांत ६० टक्के पाणी परत वापरले जाते आणि खेचरांऐवजी टग असतात. अभियांत्रिकी म्हणून तेही पाहण्यासारखे आहे, पण १९१४ चे जुने दरवाजे पाहायचे असतील तर मध्यम आकाराचे जहाज निवडावे.

सहावा दिवस: मिराफ्लोरेस, काठावरून

सकाळी पनामाच्या आखातावर, म्हणजे पॅसिफिकवर, सूर्य उगवला. न्याहारीला ओखाल्द्रे नावाची मैद्याची तळलेली जाड पोळी मिळाली, चवीला आपल्या भटुऱ्याच्या जवळची. येथे डॉलर चालतात, पनामाचे बाल्बोआ हे चलन नाण्यांतच दिसते.

आदल्या दिवशी जहाजातून पाहिलेले लॉक आज काठावरून पाहायला आम्ही मिराफ्लोरेसच्या प्रेक्षक-सज्जात गेलो. कठड्याशी एक वृद्ध गृहस्थ एकटेच उभे होते. त्यांचे इंग्रजी कॅरिबियन वळणाचे होते. त्यांनी या रुळांवर अनेक वर्षे खेचर चालवले होते आणि निवृत्तीनंतरही ते महिन्यातून एकदा येथे येत. त्यांचे पणजोबा बार्बाडोसहून खोदकामासाठी आले होते. त्या बेटावरून सुमारे २० हजार माणसे अशी आली. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्यात व्हायचा आणि यांचा चांदीत, आणि त्यावरून राहण्याच्या वस्त्या, दुकाने, दवाखाने सगळे वेगळे. १५ ऑगस्ट १९१४ रोजी पहिले जहाज अधिकृतपणे गेले तेव्हा पणजोबा काठावर होते, असे त्यांच्या घरात सांगतात. कालवा पूर्णपणे पनामाच्या हाती आला तो १९९९ च्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी हे स्वतः काठावर होते.

मी माझी नोकरी सांगितली. मग दोन तास आम्ही दरवाजांवर बोललो. गळती, रबरी पट्ट्या, रंगकाम, पावसाळ्यातल्या रात्रपाळ्या. ते दरवाजांची पाने ओळखायचे, आमचा हतनूरचा जुना ऑपरेटर बंद डोळ्यांनी कोणता दरवाजा कुरकुरतो ते सांगायचा, अगदी तसे. खाली एक मालवाहू जहाज आले, त्यावर पांढऱ्या शीतपेट्यांच्या रांगा होत्या. “केळी असतील,” ते म्हणाले, “इक्वेडोरची. युरोपला चालली.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तुमच्या कालव्यातून दिवसाला किती जहाजे जातात?”

“एकही नाही,” मी म्हणालो. “आमच्या कालव्यातून फक्त पाणी जाते.”

“आणि ते शेवटी कुठे पोहोचते?”

मी फोन काढून बागेतला फोटो दाखवला, निघण्याच्या आठवड्यात कापणीला आलेला घड होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि फण्या मोजल्या. “नऊ,” ते म्हणाले, आणि फोन सौभाग्यवतीकडे परत दिला. खाली हौदात पाणी चढू लागले होते. भिंतीवरची ओली रेघ एकेक बोट झाकली जात होती, आणि ती पूर्ण बुडेपर्यंत आम्ही तिघे कठड्यावर हात टेकून तिच्याकडे पाहत राहिलो.